रात्री उगाच वाजणारा चोर-अलार्म: कारण शोधायचं कसं

रात्री अडीचला हूटर वाजतो. शेजारचा वॉचमन फोन करतो, मालक गाडी काढून येतो, शटर वर करतो, आणि आत सगळं जिथल्या तिथे. असं दोन-तीनदा झालं की पुढचं ठरलेलं असतं: चावी फिरवून अलार्म कायमचा बंद. नंतर कधी विचारलं तर उत्तर येतं, "सिस्टीम आहे हो, पण लावत नाही." दुकान, गोडाऊन, बंगला, फ्लॅट, तक्रार सगळीकडे हीच, आणि बहुतेकांना सेन्सर बदलून हवा असतो. सेन्सर क्वचितच बिघडलेला असतो. त्याला काहीतरी दिसलेलं किंवा जाणवलेलं असतं. ते काय होतं हे शोधायचं, आणि त्यातलं निम्मं काम शिडी न लावता होतं.

आधी नोंद काढा

बहुतेक पॅनेलच्या (सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य डब्याच्या) मेमरीत मागच्या घटना राहतात: कोणता झोन, म्हणजे सेन्सरची कोणती लाईन, किती वाजता, कोणाच्या कोडने चालू-बंद केलं. कीपॅडवरून ती कशी बघायची हे बसवणाऱ्याकडून शिकून घ्या. पॅनेलचं घड्याळ बरोबर आहे का, तेही बघा. लाईट जाऊन-येऊन ते भलतीच वेळ दाखवत असेल तर सगळा तपास चुकतो. साध्या पॅनेलमध्ये वेळेची नोंद नसते, फक्त झोनचा दिवा लागलेला राहतो. मग पॅनेलशेजारी एक वही टांगा आणि दर वेळी तारीख, वेळ, झोन आणि त्या वेळी पाऊस होता का, लाईट गेली होती का, एवढं लिहायला लावा.

काही ठिकाणी पैसे वाचवायला चार-पाच सेन्सर एकाच झोनवर जोडलेले असतात. तसं असेल तर पहिला खर्च झोन वेगळे करण्यावर करा, कारण तोपर्यंत कोणीही आला तरी अंदाजच सांगणार.

वेळेवरून बरंच कळतं. दुकान बंद करून अलार्म लावल्यावर मिनिटभरातच वाजला तर चूक माणसाची. लाईट आल्याबरोबर वाजला तर बॅटरी. रोज सकाळी साधारण एकाच वेळी वाजत असेल तर ऊन किंवा झाडलोटवाली बाई. वारा-पावसात वाजला तर शटर किंवा बाहेरून गेलेली वायर. आणि रात्री केव्हाही, कसलंच गणित न लागता वाजत असेल तर बहुतेक वेळा पाल.

बंद करतानाच वाजणारा

अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तिथल्या चोर-अलार्मच्या एकूण कॉलपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असल्याचं म्हटलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा वापरणाऱ्यांच्या चुकांचा आहे. आपल्याकडे वेगळं काही नाही.

दुकानात काय होतं बघा. मालक आतल्या कीपॅडवर कोड दाबतो. मग आठवतं की गल्ल्याची चावी राहिली. मग देवाला नमस्कार, चपला, पोऱ्याला हाक, आणि दोन शटरं खाली ओढायची. बाहेर पडायला दिलेली वेळ असते ३० सेकंद. दोन शटरांच्या गाळ्याला ६० ते ९० सेकंद ठेवा. आत येतानाची वेळ मात्र उगाच वाढवू नका, २०-३० सेकंद पुष्कळ झाले, कारण तेवढाच वेळ चोरालाही मिळतो. कीपॅड फार आत असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा कीपॅडच शटरजवळ आणा.

दुसरी चूक प्रोग्रामिंगची, आणि ती फार ठिकाणी सापडते. शटरच्या झोनला उशीर दिलेला असतो, पण शटर ते कीपॅड या वाटेवर जो मोशन सेन्सर आहे तो 'ताबडतोब'वर ठेवलेला असतो. मालक शटर उघडून दोन पावलं टाकतो आणि हूटर सुरू. त्या सेन्सरचा झोन 'फॉलोअर' प्रकारचा करून घ्यायचा: आधी शटर उघडलं असेल तर थांबायचं, शटर न उघडता आत हालचाल झाली तर लगेच वाजायचं. पाच मिनिटांचं काम आहे. सेटिंग माहीत नसलेला माणूस मात्र सेन्सर बदलून देतो आणि महिनाभराने पुन्हा बोलावणं येतं.

घरात गोंधळ होतो तो 'घरात आहोत' आणि 'बाहेर गेलो' या दोन मोडचा. रात्री झोपताना फक्त दारं-खिडक्या चालू हव्यात, आतले मोशन सेन्सर बंद. आजोबा रात्री दोनला पाणी प्यायला उठले आणि सगळी सोसायटी जागी झाली, यात आजोबांचा काही दोष नाही. सकाळी येणाऱ्या मावशींना, नोकराला, भाचीला प्रत्येकी वेगळा कोड द्या. सगळ्यांचा एकच कोड असला की मेमरी काही सांगू शकत नाही, आणि नोकर सोडून गेल्यावर तो कोड बदलायचाही राहून जातो.

शटर आणि मॅग्नेट

दारा-खिडकीवरचा मॅग्नेटिक सेन्सर म्हणजे एका बाजूला चुंबक, दुसऱ्या बाजूला काचेच्या बारीक नळीतला रीड स्विच. चुंबक लांब गेलं की सर्किट तुटतं. लाकडी दारावर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. लोखंडी शटरवर तेच बसवलं की भानगडी सुरू होतात.

पहिली भानगड लोखंडाचीच. चुंबक थेट लोखंडावर टेकवलं की त्याची ताकद लोखंडातच मुरते आणि सेन्सरपर्यंत कमी पोहोचते. डब्यावर १५-२० मिलिमीटर अंतर चालेल असं लिहिलेलं असतं, ते लाकडासाठी. शटरला जाड ॲल्युमिनियमच्या बॉडीचा, जास्त अंतर झेलणारा शटर-सेन्सर घ्या, आणि छोटाच वापरायचा असेल तर चुंबकाखाली प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा घाला.

दुसरी भानगड जागेची. दहा फुटी शटर मधोमध दाबून बघा, सहज इंचभर आत-बाहेर होतं. वारा सुटला, समोरून ऊस भरलेला ट्रक गेला, कुत्रं टेकून झोपलं, तरी होतं. आणि सेन्सर नेमका मधोमध बसवलेला असतो, कारण कुलपाजवळ बसवला की सुरक्षित वाटतो. तो बाजूच्या पट्टीजवळ, खालच्या कोपऱ्यात घ्या. तिथे शटर चॅनेलमध्ये धरलेलं असतं, हलतं कमी. दोन्ही बाजूंची कुलपं लावा, एकच लावून जाऊ नका. चॅनेल फाकलं असेल तर आधी शटरवाल्याला बोलवा, अलार्मवाल्याला नंतर.

एवढं करूनही क्षणभराच्या हादऱ्याला वाजत असेल तर बऱ्याच पॅनेलमध्ये झोन किती वेळ तुटलेला राहिला तर अलार्म मानायचा, हे ठरवता येतं. ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास न्या. खरोखर शटर उचलणाऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतोच.

पावसाळ्यात जमिनीवरच्या सेन्सरमध्ये चिखल-पाणी जातं आणि वायरचे जोड हिरवे पडतात. कोकणात तर खाऱ्या हवेने पहिल्याच वर्षी पडतात. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड हे निम्म्या पावसाळी तक्रारींचं मूळ. जोड सोल्डर करून श्रिंक ट्यूब घाला, किंवा जोड जमिनीपासून दोन फूट वर एका बंद डबीत घ्या.

मोशन सेन्सरला काय दिसतं

कोपऱ्यात बसवलेला पांढरा मोशन सेन्सर, म्हणजे पीआयआर, चित्र बघत नाही. समोरच्या प्लास्टिकच्या भिंगामुळे खोलीचे पट्टे पडतात, आणि एखादी गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतल्या घटकाला उष्णतेतला फरक जाणवतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात: तापमानातला फरक आणि हालचाल. उगाच वाजणाऱ्या पीआयआरखाली उभे राहा आणि त्याला जे दिसतं त्या सगळ्यात या दोन गोष्टी शोधा.

पालीपासून सुरुवात करू. दहा फुटांवरची पाल सेन्सरला कळतही नाही, पण भिंगावरूनच गेली तर एका वेळी कितीतरी पट्टे झाकते आणि सेन्सरला ती माणसाएवढी वाटते. ती तिथे जाते का? रात्रीचा दिवा सेन्सरशेजारी असतो म्हणून. दिव्यावर किडे, किड्यांमागे पाल. तो दिवा समोरच्या भिंतीवर न्या, निम्मी तक्रार तिथेच संपते. मग सेन्सर उघडा: मागच्या वायरच्या भोकातून मुंग्या, झुरळाची पिल्लं, कोळी आत शिरलेले दिसतील. ब्रशने साफ करून ते भोक सिलिकॉनने बुजवा. कीटकनाशकाचा फवारा भिंगावर मारू नका, प्लास्टिक खराब होतं. कोरड्या मऊ कापडाने पुसलं तरी पुरे.

देव्हारा. दुकान बंद करताना दिवा, उदबत्ती लावून जाण्याची पद्धत आहे, आणि बऱ्याच गाळ्यांत सेन्सरची तोंडं देव्हाऱ्याकडेच असतात. हलणारी ज्योत म्हणजे गरम आणि हलती, दोन्ही एकत्र. वर तसबिरीला हार, तो पंख्याच्या किंवा झरोक्यातल्या वाऱ्याने हलतो. दिवा विझवा असं कोणाला सांगायची माझी इच्छा नाही. सेन्सर दुसऱ्या भिंतीवर घ्या. देव्हाऱ्यापुरत्या भिंगाच्या भागाला आतून झाकायची पट्टीही काही मॉडेलबरोबर येते, पण मग तेवढा कोपरा आंधळा होतो, हे लक्षात असू द्या.

असंच बाकीचं: छताला टांगलेले सेलचे बोर्ड, दिवाळीची तोरणं, उद्घाटनाचे फुगे. फुगा अर्धी हवा जाऊन एसीच्या झोतात खोलीभर फिरतो आणि सेन्सर वाजवतो. कपड्यांच्या दुकानात हँगरवरच्या साड्या. धान्याच्या गोडाऊनमध्ये थप्पीवरून जाणारी मांजर, झरोक्यातून शिरलेली कबुतरं, रात्री खाली घसरणारं पोतं. दिवाळीआधी रंगकाम झालं की भिंगावर रंगाचे शिंतोडे नाहीत ना, पेंटरने चिकटवलेला कागद तसाच तर नाही ना, हे नक्की बघा. कागद राहिला असेल तर खोटा अलार्म होणार नाही, पण खराही होणार नाही.

आता ऊन. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट भिंगावर पडतं, किंवा पडदा तापतो आणि हलतो. सेन्सर खिडकीकडे तोंड करून कधीच लावू नये, खिडकीच्या भिंतीवर, आत तोंड करून लावावा. एसीच्या झोताखालीही नको. उंची सात ते आठ फूट. खूप वर लावला तर खालून सरपटत जाणारा सुटतो. चोराची वाट सेन्सरच्या समोरून आडवी जावी, थेट अंगावर येणारा माणूस पीआयआरला उशिरा कळतो.

विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळीच अडचण. मेमध्ये आतलं तापमान माणसाच्या अंगाएवढं होतं, मग माणूस आणि भिंत यांत सेन्सरला फरकच दिसत नाही. चांगले सेन्सर अशा वेळी आपली संवेदनशीलता वाढवून घेतात, आणि नेमक्या तेव्हाच गरम हवेच्या झोतानेही वाजतात. अशा जागी नुसता पीआयआर लावण्यात अर्थ नाही. ड्युअल-टेक सेन्सर लावा, त्यात पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असतात आणि दोघांना पटल्याशिवाय तो वाजत नाही.

त्याचेही नखरे आहेत. मायक्रोवेव्ह काचेतून, प्लायवूडच्या पार्टिशनमधून आरपार जातो. चालू राहिलेला पंखा, भिंतीतल्या पीव्हीसी पाईपमधून वाहणारं पाणी, काचेबाहेरून जाणारा माणूस, सगळं त्याला दिसतं. त्याची रेंज स्क्रूने कमी करता येते, खोलीपुरतीच ठेवा. उलट, साध्या पीआयआरला काचेपलीकडचा माणूस दिसत नाही, कारण काच ती उष्णता अडवते. म्हणून काचेच्या दाराबाहेरचं कुत्रं साध्या सेन्सरला वाजवतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दुसरं कारण शोधा.

घरात कुत्रा-मांजर असेल तर 'पेट इम्यून' सेन्सर मिळतो. डब्यावर वीस-पंचवीस किलोपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. ते जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी, आणि सेन्सर सांगितलेल्या उंचीवर सरळ बसवला असेल तरच. सोफ्यावरून कपाटावर उडी मारणाऱ्या बोक्याला हे लागू नाही. त्या खोलीत मोशन सेन्सर लावूच नका, दारं-खिडक्या पुरेत.

सेन्सरच्या आत 'पल्स काउंट'चा जंपर, म्हणजे सेटिंग बदलायची छोटी पिन असते, ती एकवरून दोनवर नेली की सेन्सर एका हालचालीऐवजी दुसरीची वाट बघतो. हा उपाय शेवटचा. पाल तिथेच असेल तर ती दोनदाही जाईल.

लाईट, बॅटरी, वायर

लाईट आल्यावर किंवा गेल्यावर वाजत असेल तर पॅनेलच्या आतली १२ व्होल्टची बॅटरी तपासा. बहुतेक ठिकाणी ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. चार्ज होताना मल्टीमीटरवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. मग मेन बंद करून हूटर वाजवा आणि पुन्हा मोजा. झर्रकन ११ च्या खाली आली तर ती बॅटरी नुसती शोभेची. पॅनेल मध्येच बंद पडतं, लाईट आल्यावर पुन्हा सुरू होतं, आणि सुरू होतानाचं पहिलं मिनिटभर मोशन सेन्सर स्थिर झालेले नसतात. तेवढ्यात अलार्म. बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, तापलेल्या पोटमाळ्यावर त्याहून बरीच कमी. बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा.

लांबच्या सेन्सरपर्यंत व्होल्टेज पोहोचतं का, तेही मोजा. बारीक वायरवर लांब ओढलेल्या गोडाऊनच्या शेवटच्या सेन्सरवर १०-१०.५ व्होल्ट दिसले तर तो लहरीपणे वागणारच. सेन्सरची वायर मोटरच्या किंवा लाईटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेली असेल तर वेगळी करा. पंप सुरू झाला की अलार्म होतो, या तक्रारीचं उत्तर बहुधा त्या पट्टीत सापडतं. आणि जुन्या गाळ्यांत उंदीर. वायर कुरतडलेली असेल तर नुसता जोड मारून भागत नाही, पाईपमधून न्यावी लागते.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ४३३ मेगाहर्ट्झच्या वायरलेस सेटबद्दल एकच सांगतो. त्यातल्या जुन्या प्रकारात आतले जंपर टेकवून कोड ठरवलेला असतो, आणि कारखान्यातून आलेला कोड कोणी बदलत नाही. शेजारच्या दुकानात तोच सेट असेल तर त्याचं दार उघडल्यावर तुमचा हूटर वाजू शकतो. जंपर बदला, पॅनेलला सेन्सर पुन्हा शिकवा. बाकी वायरलेसमध्ये सेल उतरले की विचित्र वागणं सुरू होतं. सगळे सेल एकदम बदला.

हादरा आणि आवाज

तिजोरी, भिंत, एटीएम यांवर हादऱ्याचा सेन्सर असतो, काचेसाठी आवाजाचा. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल-ताशे, डीजे आणि दिवाळीतले सुतळी बॉम्ब हा त्यांचा खरा कस. पत्र्याच्या शेडवर तर मिरवणुकीचीही गरज नाही. दिवसभर तापलेला पत्रा रात्री थंड होताना आकसतो आणि कडाड आवाज करतो. सेन्सर पत्र्यावर किंवा पत्र्याला जोडलेल्या अँगलवर लावू नका, थेट तिजोरीच्या अंगावर घट्ट बसवा आणि त्याच्या संवेदनशीलतेचा स्क्रू मागे-पुढे करून मुठीने ठोकून बघा. एका ठोक्याला गप्प आणि लागोपाठ ठोक्यांना वाजेल, असं ठेवा. सणाचे दिवस आहेत म्हणून तो झोन वगळलात तर पॅनेलवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर तो पुढच्या सणापर्यंत वगळलेलाच राहतो.

कॅमेऱ्याच्या उगाच येणाऱ्या मोबाईल नोटिफिकेशनची कारणं थोडक्यात: पाऊस, पानं, गाडीचे दिवे, आणि रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांसमोरचं कोळ्याचं जाळं. 'कोणतीही हालचाल' बंद करून 'माणूस दिसला तरच' चालू करा, रस्ता चौकटीबाहेर काढा, जाळं आठवड्याला झाडा.

हूटर वाजल्यावर

साल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० सालच्या अखेरीस नियम केला की कोणीतरी प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यातून खात्री केल्याशिवाय चोर-अलार्मवर गाडी पाठवायची नाही. आपल्याकडे तसा नियम नसला तरी पद्धत घेण्याजोगी आहे. अलार्म आला की आधी फोनवर कॅमेरा बघा. कोणी दिसलं किंवा शटर उचललेलं दिसलं तर ११२ लावा आणि एकट्याने आत शिरू नका. ऑटो-डायलरमध्ये, म्हणजे अलार्म झाल्यावर आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रात, जवळ राहणाऱ्या दोघांचे नंबर आधी टाका, पुण्याला गेलेल्या मुलाचा शेवटी.

हूटर तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं सेट करा. रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हूटर शंभराच्या पुढे जातो. तासभर वाजत राहिला तर चोर नाही, शेजारी येतील. एकच झोन एका रात्रीत तीनदा वाजला तर त्याला तात्पुरतं वगळायची सोयही बऱ्याच पॅनेलमध्ये असते.

डायलरमधलं सिम चालू आहे का बघा. रिचार्ज संपून ते केव्हाच बंद पडलेलं असतं. जुन्या टूजी डायलरमध्ये जिओचं सिम चालतच नाही, कारण त्या कंपनीचं टूजी नेटवर्कच नाही.

दुरुस्ती झाली की तो झोन लगेच हूटरला जोडू नका. आठवडाभर नुसती नोंद किंवा कीपॅडची बीप ठेवा, एखादा पाऊस, एखादी लोडशेडिंगची रात्र जाऊ द्या. मग 'वॉक टेस्ट' लावून स्वतः प्रत्येक खोलीतून चाला, शटर उचलून बघा, कारण खोटं थांबवण्याच्या नादात सेन्सर बहिरा करून गेलेले कारागीरही कमी नाहीत. बिल देण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: कोणता झोन कुठे आहे याची यादी, आणि इन्स्टॉलर कोड, म्हणजे पॅनेलची सेटिंगं बदलायचा कोड. तो कोड नसला की पुढच्या माणसाला पॅनेल फॅक्टरी रिसेट करावं लागतं आणि वर लिहिलेली सगळी सेटिंगं पुसली जातात.